तेरेखोल खाडी आणि दोन सत्तांचे करार

सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा हे गाव तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, मुखापासून जवळच आहे. समोरच्या तीरावर गोव्याचा पेडणे तालुका लागतो. मुखावरचा तेरेखोल किल्ला मात्र आरोंद्याच्याच बाजूला असूनही गोव्यात मोडतो. ही सीमा लढायांनी आणि तहांनी आखलेली आहे.

किल्ला सतराव्या शतकात वाडीच्या सावंतांनी बांधला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला. पुढे चाळीस वर्षांनी याच दोन वैऱ्यांना एकमेकांची गरज भासली. कोल्हापूरच्या करवीरकरांशी झुंजणाऱ्या तिसऱ्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली आणि तिच्या मोबदल्यात १७८८ मध्ये पेडणे महाल त्यांना दिला. तेव्हापासून आरोंद्याचा पैलतीर परक्या राज्यात गेला.

वाडी संस्थानाने १८१९ मध्ये इंग्रजांचे संरक्षण पत्करले. १८३८ मध्ये संस्थानाचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला आणि जकातीचा हक्कही त्यांच्याकडे गेला. १८४४ च्या बंडात पराभूत झालेले वाडीचे बंडखोर गोव्यात आश्रयाला गेले. या सीमेवरून माणूस, मीठ आणि दारू सहज पलीकडे जाते, ही इंग्रजांची कायमची डोकेदुखी होती. गोव्यातले स्वस्त मीठ हद्दीत आले की त्यांचा मीठकर बुडत असे. पोर्तुगालला गोव्याच्या रिकाम्या तिजोरीसाठी पैसा आणि मुरगाव बंदरासाठी रेल्वे हवी होती.

या दोन गरजांतून २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज-पोर्तुगीज करार झाला. जानेवारी १८८० पासून बारा वर्षे तो अमलात होता. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधील जकातीची भिंत हटली. गोव्यातील मिठाचे उत्पादन आणि विक्री इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेली. ताडी-माडी आणि दारूवरील अबकारीची पद्धत दोन्हीकडे एकसारखी करण्यात आली. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळू लागले. गोव्याचे नाणे ब्रिटिश रुपयाच्या मापाचे झाले आणि १८८१ पासून ते कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागले. मुरगावपासून घाटमाथ्यावरील कॅसल रॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला.

कराराचा लाभ मात्र सारखा वाटला गेला नाही. लोहमार्ग मडगाव-कुळे असा दक्षिणेकडून गेला. पेडण्याच्या बाजूला रेल्वे येण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस कोकण रेल्वेची वाट पाहावी लागली. मीठ महागले आणि मिठागरांवर जगणारी गोव्यातील कुटुंबे अडचणीत आली. माडी काढणाऱ्या रेंदेरांवर अबकारीचा बोजा पडला. जकात उठल्याने खाडीपलीकडचा व्यापार सुकर झाला, पण ज्या मिठावर आणि माडावर किनाऱ्याचे पोट चाले, त्यांनाच कराराचा चिमटा बसला. गोव्यात असंतोष वाढला. मुदत संपल्यावर, जानेवारी १८९२ मध्ये, कराराचे नूतनीकरण झाले नाही आणि सीमेवर जकातीच्या चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या.

मिठाचा प्रश्न तिथेच मिटला नाही. आरोंद्यापासून जवळ असलेल्या शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये महाराष्ट्रातील मोठा मिठाचा सत्याग्रह झाला. स्वातंत्र्यानंतर हीच सीमा गोवामुक्तीच्या लढ्याची वाट बनली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकावला. पुढच्या वर्षीच्या सत्याग्रहात तेरेखोल येथे हिरवे गुरुजी पोर्तुगीजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तेरेखोलची आंतरराष्ट्रीय सीमा संपली.

१७८८ चा व्यवहार एका राजाची गादी वाचवण्यासाठी झाला, १८७८ चा करार दोन तिजोऱ्या भरण्यासाठी. खाडीकाठच्या माणसाला दोन्ही वेळी कोणी विचारले नाही. दोन सत्तांचे सहकार्य कागदावर कितीही भक्कम असले, तरी सीमेवर राबणाऱ्यांना त्यात वाटा नसेल, तर ते टिकत नाही, हाच तेरेखोल खाडीच्या इतिहासाचा निर्वाळा आहे.