दांडपट्ट्यापासून सेबरपर्यंत

मुघल अमलात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. ते नाव कागदोपत्री उरले. तालमीतली भाषा मात्र अजून दोन्हीकडची आहे. खुद्द 'तालीम' हा शब्द अरबी, 'वस्ताद' म्हणजे फारसी उस्तादाचे मराठी रूप, आणि 'तमाचा', 'बाहेरा', 'शीर' हे वार हिंदू-मुसलमान पोरे एकाच तोंडाने पुकारत. फरी-गदग्यात चामड्याने मढवलेली काठी आणि छोटी ढाल घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला स्पर्श करायचा आणि तो मोजायचा. साहेबाचे फेन्सिंग तरी याहून निराळे काय आहे?

१८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने तलवार बाळगायला परवाना लागू लागला. हातात उरली ती काठी आणि मिरवणुकीतला दांडपट्टा. मोहरमच्या ताबुतांपुढे हे खेळ होत आणि त्यात हिंदू शेजारीही हौसेने उतरत. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर हा शेजार आटला. सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, मेळे वेगळे झाले. खेळ तोच राहिला; त्याला धर्म चिकटला. आम्हाला या इतिहासातले हेच पान सर्वांत जास्त सलते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी होती. आशियाई स्पर्धांत ती १९७४ साली तेहरानला आली आणि भारतीय तलवारबाजी संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. महाराष्ट्रात हा खेळ रुजवण्यात नाशिकचा वाटा मोठा आहे. इथल्या अशोक दुधारे यांचे नाव त्यात प्रामुख्याने घ्यावे लागते.

आता शस्त्रे तीन. फॉईलमध्ये फक्त धडावर टोक लावायचे, एपीत सर्वांगावर, आणि सेबरमध्ये कमरेच्या वर टोकाने किंवा धारेने. स्पर्श झाला की दिवा लागतो. पंचाच्या नजरेवर सारे सोडण्याचे दिवस गेले. पण हा दिवा महाग आहे. चेन्नईच्या भवानी देवीने सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांवर केला. तीच २६ जुलै २०२१ रोजी टोकियोत ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय तलवारबाज ठरली. ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला तिने १५-३ असे हरवले आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मॅनन ब्रुनेकडून ७-१५ अशी हरली. २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने कांस्य मिळवले. या स्पर्धेतले ते भारताचे पहिलेच पदक.

आपल्या मोहल्ल्यांत मुलीच्या खेळाचा विषय निघाला की आधी कपड्यांचा प्रश्न येतो. त्यासाठी इब्तिहाज मुहम्मदची हकीकत सांगावी. अंग पूर्ण झाकले जाईल असा खेळ तिचे आईबाप शोधत होते, तेव्हा त्यांना तलवारबाजी दिसली. जाकीट, मोजे, हातमोजा, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा. झाकायला उरते काय? २०१६ साली रिओत ती हिजाब घालून अमेरिकेकडून खेळली आणि सेबरच्या सांघिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन परतली. त्याच रिओत ट्युनिशियाच्या इनेस बुबाकरीने फॉईलमध्ये कांस्य जिंकले. इजिप्तची नादा हाफेज, पेशाने डॉक्टर, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सात महिन्यांची गरोदर असताना सेबर खेळली आणि पहिला सामना १५-१३ असा जिंकली.

भद्रकालीतल्या किंवा मालेगावच्या पोरीला अडवणारी खरी गोष्ट कपडा नव्हेच. ती आहे मुखवट्याची, तारेची आणि पात्याची किंमत. लग्नातल्या एका दिवसाच्या रोषणाईवर आपण यापेक्षा जास्त उधळतो, आणि त्याचा हिशेब मात्र कुणी मागत नाही.