विज्ञानेतर प्रवेश (वैद्यकीय व पशुवैद्यकीय शिक्षण)

शालेय पातळीवर विज्ञान विषय न घेतलेल्या किंवा अन्य विद्याशाखेची पदवी असलेल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय अथवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात मिळणारा प्रवेश. ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलियात त्याचे मार्ग रूढ आहेत. विज्ञानाची अट यात क्वचितच माफ होते. बहुधा ती पुढे ढकलली जाते. त्यातही खरा अडसर रसायनशास्त्राचा असतो.

पूर्वपीठिका : विज्ञानाची ही अट फार जुनी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांचे शिक्षण मुख्यतः घरीच झालेले होते. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करणार नाही, असे त्यांनी अर्जात स्वतःच लिहिले होते. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अमेरिकी वैद्यकीय शिक्षणावरील १९१० च्या अहवालाने रसायन, भौतिकी व जीवशास्त्र यांचे महाविद्यालयीन शिक्षण प्रवेशापूर्वी झालेले असावे असा आग्रह धरला आणि पुढे तोच प्रघात पडला.

अमेरिका : पदवीचा विषय कोणताही चालतो; मात्र ठरावीक विज्ञान विषय व प्रवेशपरीक्षा (एमकॅट) बहुतेक ठिकाणी आवश्यक असते. इतिहासाचा वा संगीताचा पदवीधर हे विषय ‘पोस्ट-बॅक’ म्हणजे पदवीनंतरच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमात पुरे करतो.

अपवाद म्हणून न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानव्यविद्या व वैद्यक कार्यक्रम (१९८७) सविस्तर नोंदवण्याजोगा आहे. पदवीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षातच निवड होई. जीवशास्त्र व सामान्य रसायन प्रत्येकी एक वर्ष पुरे. सेंद्रिय रसायन, भौतिकी, कलनशास्त्र व एमकॅट या चारही गोष्टींतून सूट. सेंद्रिय रसायन व भौतिकीचा वैद्यकाला लागेल तेवढा भाग मात्र उन्हाळी वर्गात आठ आठवड्यांत उरकला जाई. म्हणजे सूट पूर्ण नव्हतीच. म्युलर व केस या संशोधकांनी २०१० मध्ये अशा ८५ विद्यार्थ्यांची तुलना नेहमीच्या मार्गाने आलेल्या ६०६ जणांशी केली. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात या ८५ जणांचे सरासरी गुण काहीसे कमी होते. रुग्णालयीन कामात एकंदरीत ते मागे नव्हते. मनोविकारशास्त्र व प्राथमिक आरोग्यसेवेकडे त्यांचा कल अधिक आढळला, शल्यचिकित्सेच्या उपशाखांकडे कमी. ही मुले नामवंत महाविद्यालयांतून वेचून घेतलेली असल्याने निष्कर्ष सर्वत्र लागू होतील असे म्हणता येत नाही. २०१३ मध्ये ‘फ्लेक्समेड’ या नावाने ही योजना सर्व विद्याशाखांना खुली झाली.

ब्रिटन : तीन मार्ग. (१) ए-लेव्हल या शालान्त परीक्षेला कला विषय घेतलेल्यांसाठी पूर्वतयारीचे वर्ष. मँचेस्टर विद्यापीठाचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम हे त्याचे परिचित उदाहरण. ‘गेटवे’ वर्ष वेगळे : ते सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्यांसाठी असते आणि तेथे अनेकदा रसायन वा जीवशास्त्र मागितले जाते. दोन्ही एकच समजल्याने अर्जदारांची फसगत होते. (२) पदवीधरांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात तो २००० मध्ये सुरू झाला. कोणत्याही विषयाची पदवी चालते. पण तेथील गॅमसॅट या मूळ ऑस्ट्रेलियन चाचणीचा तिसरा भाग पूर्णपणे विज्ञानाचा असतो : रसायन ४० टक्के, जीवशास्त्र ४० व भौतिकी २०. कायद्याच्या पदवीधराला त्यासाठी घरी बसून रसायन शिकावेच लागते. (३) प्रौढांसाठी ‘ॲक्सेस’ पदविका : ६० श्रेयांक, त्यांपैकी ४५ ए-लेव्हलच्या दर्जाचे. काही वैद्यकीय महाविद्यालये ती स्वीकारतात, काही नाही.

ऑस्ट्रेलिया : फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९६ मध्ये पदवीधर-प्रवेश सुरू केला.

पशुवैद्यक : मार्ग तुरळक. नॉटिंगहॅम विद्यापीठात विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक वर्ष आहे.

भारत : असे पूर्वतयारीचे वर्ष एमबीबीएससाठी नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून आवश्यक विषय अतिरिक्त म्हणून देण्यास मुभा दिली. याचा लाभ प्रामुख्याने गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांना होतो. कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला भौतिकी, रसायन व जीवशास्त्र हे तिन्ही विषय उत्तीर्ण होऊन मगच ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेला बसता येते.