चेन्नईहून अंदमान : कमी खर्चाचा समुद्रमार्ग

चेन्नईतील अड्यार भागात शिकणाऱ्या तरुणांना मित्रांसह कमी खर्चात अंदमान गाठावयाचे असल्यास चेन्नई बंदरातून सुटणारे प्रवासी जहाज हा एक पर्याय आहे. १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांना मद्रासहूनच जहाजाने सेल्युलर जेलकडे नेण्यात आले होते.

सुमारे बाराशे किलोमीटरच्या या प्रवासास साधारणतः तीन दिवस लागतात. सामायिक कक्षातील ‘बंक’ वर्गाचे भाडे सर्वांत कमी असते. जहाजे रोज नसतात व वेळापत्रक बदलते. त्यामुळे परतीसाठी जादा दिवस आणि पैसे राखून ठेवावेत.

पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) जाण्यासाठी भारतीयांना परवाना लागत नाही. आदिवासी राखीव क्षेत्रांत मात्र प्रवेशास मनाई आहे. २०१८ मध्ये हा नियम मोडून उत्तर सेंटिनेल बेटावर गेलेला अमेरिकी तरुण प्राणास मुकला.