बद्धकोष्ठाचा इतिहास : अति घाबरणं आणि अजिबात न घाबरणं

या मालिकेत आपण लढाया पाहिल्या, तह पाहिले, दुष्काळही पाहिले. आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर जातील. पण ज्या घरात वयस्कर माणूस आहे, तिथे सकाळचा पहिला प्रश्न हाच असतो : "झालं का पोट साफ?" इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, मराठी घरात तो याच शब्दांत विचारतात.

आपण 'कोठा जड आहे', 'कोठा हलका आहे' असं म्हणतो. हा कोठा म्हणजे संस्कृतातला कोष्ठ. कोठार हा शब्दही त्याच कुळातला. बद्धकोष्ठ म्हणजे बांधला गेलेला, अडलेला कोठा. या आजाराचा इतिहास वाचताना मला सारखं एक जाणवतं. वैद्यकाने यात दोन चुका केल्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. साध्या तक्रारीला भयंकर ठरवलं, आणि खरोखर भयंकर होतं ते मात्र साधं समजून सोडून दिलं. घराघरांत आजही नेमकं हेच चालतं, म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात आपल्याकडून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय शरीराचे वेग अडवू नयेत याबद्दल आहे. शौचाचा वेग दाबला तर काय होतं, याची यादी तिथे आहे : पोट दुखतं, डोकं दुखतं, वारा आणि मल अडतात, पोटऱ्यांत गोळे येतात, पोट फुगतं. उपाय म्हणून शेक, मालीश, कोमट पाण्यात बसणं, गुदद्वारात ठेवायची वर्ती आणि बस्ती सांगितले आहेत. याच ग्रंथात माणसांच्या कोठ्यांचे प्रकारही आहेत. कोणाला दूध किंवा उसाचा रस घेतला तरी पोट मोकळं होतं, तो मृदू कोठा. ज्याला कशानेच होत नाही, तो क्रूर कोठा. हा आजार नव्हे, माणसाची ठेवण. आणि जिथे वाटच बंद झाली आहे, त्याला वेगळं नाव आहे : बद्धगुदोदर. त्यासाठी सुश्रुताने पोट उघडून, आतडं बाहेर काढून, अडथळा काढून टाकून पुन्हा शिवायची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. ती किती जणांवर झाली आणि किती वाचले, यावर मी छाती फुगवून काही बोलणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती विभागणी. ठेवण वेगळी, सवयीने झालेला त्रास वेगळा आणि बंद पडलेली वाट वेगळी.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही विभागणी पार पुसली गेली. जंतूंचा शोध नवा होता आणि मोठ्या आतड्यात तर जंतूंची वसाहतच सापडली. मग तिथे साठलेला मल सडून विष तयार करतो, ते रक्तात भिनतं आणि माणूस आतून विषारी होतो, अशी कल्पना पसरली. डोकेदुखी, थकवा, उदासी, म्हातारपण, सगळ्याचं खापर मोठ्या आतड्यावर. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकॉफ, ज्यांना 1908 चं नोबेल मिळालं, तेही म्हातारपणाचं मूळ तिथेच शोधत होते. त्यांनी निदान आंबवलेलं दूध प्या एवढंच सांगितलं. ताकावर वाढलेल्या आपल्याला त्यात तक्रारीचं कारण नाही.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले सर विल्यम आर्बथनॉट लेन मात्र सुरी घेऊन पुढे आले. माणूस निष्णात होता. मोडलेली हाडं धातूच्या पट्ट्यांनी जोडण्यात त्यांचं मोठं नाव आहे. जुनाट बद्धकोष्ठावर त्यांनी आधी मोठं आतडं वगळून छोटं आतडं पुढे जोडायला सुरुवात केली, मग मोठं आतडंच काढून टाकायला. रुग्णांत बायकाच जास्त होत्या. काही बऱ्या झाल्या, काही टेबलावरून उठल्याच नाहीत, आणि काहींच्या मागे आयुष्यभराचे जुलाब लागले. 1913 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या कल्पनेवर बैठकांमागून बैठका झाल्या आणि विरोध वाढत गेला. पुढे लेन यांनी सुरी बाजूला ठेवली आणि 1925 मध्ये एक आरोग्य संस्था काढून भाजीपाला, कोंडायुक्त पीठ आणि सूर्यप्रकाश यांचा प्रचार केला. त्यांचा हा उत्तरार्ध मला आवडतो.

त्या विषाचं काय झालं? अमेरिकेत अल्व्हारेझ यांनी 1919 मध्ये प्रश्न विचारला : एनिमा घेतल्याबरोबर डोकं कसं हलकं होतं? रक्तातलं विष मिनिटाभरात कसं उतरेल? 1922 मध्ये डोनाल्डसन यांनी निरोगी माणसांना काही दिवस शौच रोखायला लावलं. जीभ जड, डोकं जड, चिडचिड, सगळं झालं. मग त्यांनी गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला. तीच लक्षणं आली! कापसात कुठलं विष? ताणलेल्या आतड्याच्या मज्जातंतूंची ती तक्रार होती. हा प्रयोग होऊन शंभर वर्षं उलटली, तरी 'आतली घाण साफ करा' म्हणून चूर्ण विकणारे आजही पोट भरताहेत.

आता दुसरी चूक. ती जास्त जीवघेणी आहे.

1886 मध्ये कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनमध्ये दोन बाळांची हकिकत मांडली. जन्मापासून शौचाला त्रास, पोट ढोलासारखं फुगलेलं. दोन्ही बाळं वर्षाच्या आत गेली. शवविच्छेदनात मोठं आतडं प्रचंड फुगलेलं दिसलं, म्हणून दोष त्या फुगलेल्या भागाचाच असं सगळ्यांनी धरलं. पुढची साठ वर्षं डॉक्टर तोच भाग कापत राहिले आणि त्रास परत येत राहिला. त्याखालचा अरुंद भाग दिसायला चांगला होता, त्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही. बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांच्या लक्षात आलं, की पोटावर तात्पुरती वाट काढली की मुलं बाळसं धरतात आणि ती बंद करून जुना मार्ग जोडला की पुन्हा तेच. म्हणजे दोष खाली आहे. त्या अरुंद भागात आतडं हलवणाऱ्या चेतापेशीच नसतात. 1948 मध्ये त्यांनी तो भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. नवजात बाळाने पहिल्या 48 तासांत काळी शी केली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर घुटी, एरंडेल, साबणाची वात यांत एक तासही घालवू नये.

मोठ्यांचं मोजमाप आणखी उशिरा झालं. 1965 मध्ये ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक लोकांना विचारलं, तेव्हा जवळजवळ सगळे दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा या पट्ट्यात सापडले. म्हणजे रोज एकदा झालंच पाहिजे हा नियम आपणच स्वतःवर लादून घेतला होता. 1997 मध्ये ब्रिस्टलच्या लुइस आणि हीटन यांनी मलाचे सात आकार ठरवले. सुट्या लेंड्या आणि गाठी असलेला दांडा हे पहिले दोन आकार सांगतात, की मल आतड्यात फार रेंगाळला. आजचे डॉक्टरही नुसते दिवस मोजत नाहीत. कुंथावं लागतं का, खडा होतो का, अर्धवट झाल्यासारखं वाटतं का, बोट घालावं लागतं का, आणि हे महिनोन्‌महिने चाललंय का, हे विचारतात. लाज बाजूला ठेवून सांगायचं.

सगळ्यात फसवं लक्षण मी आमच्या नात्यातल्या एका आजींच्या वेळी पाहिलं. मांडीचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, वेदनेच्या गोळ्या चालू होत्या. आठवडाभर काही नाही आणि मग एकदम पातळ शी, कपड्यांत, कळायच्या आत. घरच्यांनी जुलाब समजून बंद करायची गोळी आणली, तीही फोनवर विचारून. त्यांचं पोट तपासायला कोणी हात लावला नव्हता. खरं म्हणजे गुदाशयात दगडासारखा खडा बसला होता आणि वरचं पाणी त्याच्या बाजूने झिरपत होतं. शेवटी एका नर्सबाईंनी हातमोजा घालून, तेल लावून तो खडा बोटाने फोडून काढला. आजी म्हणाल्या, "बाई गं, बाळंतपण परवडलं."

उपचारही यावरूनच ठरतात. साध्या बद्धकोष्ठाला पाणी, चालणं, भाज्या, जेवणानंतर ठरलेल्या वेळी बसणं आणि कमोड असेल तर पायाखाली पाट, एवढं बरंच काम करतं. इसबगोल हे नाव फारसीतून आलं. 'घोड्याचा कान' असा त्याचा अर्थ, बीच्या आकारावरून. उत्तर गुजरातेत, उंझा-सिद्धपूर भागात त्याचा मोठा व्यापार चालतो. ते फुगून काम करतं, म्हणून भरपूर पाण्याबरोबरच घ्यावं; आत खडा बसलेला असताना घेतलं तर बुचावर आणखी बूच. तिथे आधी खालून एनिमाने किंवा हाताने मोकळं करतात, किंवा पाणी धरून ठेवणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर काही दिवस देतात. वृद्धांना आणि मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना फॉस्फेटचा एनिमा धोक्याचा ठरू शकतो, तेव्हा तो विचारल्याशिवाय देऊ नये. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाची काही औषधं, थायरॉइड, मधुमेह, पार्किन्सन, यांपैकी काही मागे आहे का तेही पाहावं लागतं. लेन यांची शस्त्रक्रिया आजही होते, पण आतड्याची गती आणि गुदाशयाचे स्नायू तपासून, निवडक रुग्णांवरच.

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वारासुद्धा सरत नाही, असं असेल तर रेचक अजिबात देऊ नका. ती बंद पडलेली वाट असू शकते. थेट इस्पितळ गाठा. पन्नाशीच्या आसपास सवय अचानक बदलली, रक्त पडलं, वजन उतरलं, तर दुर्बिणीने तपासणी करून घ्या. आणि घरात कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फीन सुरू होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा : याच्याबरोबर रेचक कोणतं द्यायचं? मॉर्फीनची गुंगी शरीराच्या बरीच अंगवळणी पडते, पण कोठा मात्र गोळ्या चालू असेपर्यंत बांधलेलाच राहतो.