रास्पबेरी पाय 4 सेटअप: पॉवर, डिस्प्ले आणि नेट

रास्पबेरी पाय म्हणजे एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर. बोर्ड हातात आला की बहुतेक जण आधी मोबाईलचा चार्जर लावून बघतात, आणि गडबड तिथेच होते. पाय 4 ला 5 व्होल्टवर 3 अँपिअर लागतात. तुमचा फास्ट चार्जर 33 वॅटचा असला, तरी 5 व्होल्टवर तो बऱ्याचदा 2 अँपिअरच देतो. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. स्क्रीनवर विजेचं पिवळं चिन्ह दिसलं, तर पॉवर कमी पडतेय.

भोर-वेल्ह्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं नवीन नाही. पण पाय चालू असताना लाईट गेली, तर मेमरी कार्ड करप्ट होऊ शकतं. म्हणून राउटरचा मिनी यूपीएस लावावासा वाटेल. थांबा! तो बहुतेकदा 12 व्होल्टचा असतो, बोर्ड जळेल. 5 व्होल्ट, 3 अँपिअरचं आउटपुट असलेलाच घ्या.

डिस्प्लेला घरातला टीव्ही चालतो. मायक्रो एचडीएमआय केबल पॉवरच्या शेजारच्या पोर्टला लावा.

वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट आहेच. रास्पबेरी पाय इमेजरने कार्ड तयार करतानाच (यासाठी एकदा कुणाचा तरी लॅपटॉप लागेल) युजरनेम, हॉटस्पॉटचं नाव, पासवर्ड भरा, देश भारत निवडा, एसएसएच चालू करा. हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर ठेवा, जाड भिंतीतून रेंज बरी मिळते. हॉटस्पॉटच्या यादीत पायचा आयपी अ‍ॅड्रेस दिसला, तर टीव्हीचीही गरज नाही. फोनमधल्या एसएसएच अ‍ॅपवरूनच लॉगिन करा.