‘मोर-द-श्यां’ : एका लुप्त वैद्यकीय संज्ञेचा इतिहास

अठराव्या शतकात भारतात वावरलेल्या इंग्रज वैद्यांच्या लेखनात पटकीसाठी ‘मोर-द-श्यां’ ही संज्ञा आढळते. इंग्रजी नौदलातील वैद्य चार्ल्स कर्टिस याने १७८२-८३ मधील मद्रास येथील अनुभवांवर लिहिलेल्या आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती येते. फ्रेंचमध्ये तिचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’. काही तासांत रुग्ण गारठून मरत असे, हे पाहता तो कोणालाही पटावा. वस्तुतः या शब्दाचा श्वानाशी काडीचाही संबंध नाही. त्याचे मूळ कोकणी-मराठीतील ‘मोडशी’ या शब्दात आहे.

गोव्यात १५३४ साली आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या संवादग्रंथात या रोगाचे स्थानिक नाव ‘मोर्शी’ असे दिले असून पोर्तुगिजांनी ते बिघडवून ‘मोर्देशी’ केल्याचेही नोंदविले आहे. पुढे फ्रेंचांच्या कानांनी त्यात ओळखीचे शब्द शोधले आणि इंग्रजांनी तेच रूप उचलले. अपरिचित ध्वनींना परिचित अर्थ चिकटविण्याची ही प्रवृत्ती भाषाभ्यासकांना नवी नाही.

गास्पार कोरेया या बखरकाराने गोव्यातील १५४३ च्या साथीचे वर्णन केले आहे. मृतांसाठी चर्चच्या घंटा इतक्या वाजू लागल्या की लोक भयभीत होऊ नयेत म्हणून गव्हर्नरने त्या वाजविण्यास मनाई केली. त्याच्याच आज्ञेने एका मृताचे शवविच्छेदनही झाले. जठर आक्रसलेले आढळले, याखेरीज विशेष काही हाती लागले नाही.

या नोंदींचे महत्त्व केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. १८१७ साली जेसोर येथे उद्भवलेल्या साथीनंतर हा रोग भारतात सर्वस्वी नवा असल्याची समजूत रूढ झाली. जुने नाव वापरातून गेले आणि त्याबरोबर जुन्या साथींचे स्मरणही पुसट झाले. यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ही समजूत निराधार ठरविली. अर्थात, कॉखने १८८४ मध्ये जंतूविषयीचे निष्कर्ष मांडण्यापूर्वीचे प्रत्येक निदान लक्षणांवरच आधारलेले होते. त्यामुळे ‘मोडशी’ म्हणून नोंदलेला प्रत्येक रुग्ण पटकीचाच होता, असे मानणे धाडसाचे ठरेल. मराठीत तर हा शब्द अपचनाच्या साध्या विकारासाठीही वापरला जातो. साथीसाठी ‘पटकी’, ‘महामारी’ आणि ‘जरीमरी’ हे शब्द रूढ झाले.