क्लॅशचा बदलता सूर

लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक बँडने 1977मध्ये सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, तेव्हाच काही चाहत्यांनी त्यांच्या नावाने बोटे मोडली. 1979च्या ‘लंडन कॉलिंग’मध्ये रेगे, स्का, जॅझ ऐकू आल्यावर तर पंकशी बेइमानी केल्याचा ठपका पक्काच झाला. तो मला मुळातच चुकीचा वाटतो. 1977च्या त्यांच्या पहिल्याच अल्बममध्ये जमैकन गायक ज्युनियर मर्विनचे ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ हे रेगे गाणे होते. लंडनच्या ज्या रॉक्सी क्लबात पंक वाढले, तिथे डीजे डॉन लेट्स रेगेच्याच तबकड्या लावी. पंकच्या तबकड्या तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या. जमैकाचा ठेका या श्रोत्यांच्या कानांत आधीपासूनच मुरलेला होता.

सूर पैशासाठी बदलला, हा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. 1982च्या ‘कॉम्बॅट रॉक’ने अमेरिकेत घवघवीत यश मिळवलेच. पण निव्वळ धंदाच करायचा, तर दोन तबकड्यांचा ‘लंडन कॉलिंग’ एकीच्या भावात कोण देईल? तीन तबकड्यांच्या ‘सँडिनिस्टा!’साठी तर त्यांनी रॉयल्टीच्या मोठ्या वाट्यावर पाणी सोडले. 1981मध्ये न्यूयॉर्कच्या ‘बाँड्स’ क्लबमध्ये क्षमतेपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली, तेव्हा आठांऐवजी सतरा कार्यक्रम करून त्यांनी चाहत्यांना दिलेला शब्द पाळला. त्याच मंचावर त्यांनी बोलावलेल्या हिप-हॉप डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशची मात्र याच निष्ठावंतांनी हुर्यो उडवली, आणि हे मला फार खटकते. कारण त्याच शहरातले कृष्णवर्णीयांचे रेडिओ केंद्र, डब्ल्यूबीएलएस, तेव्हा क्लॅशचे रॅप-ढंगाचे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ आवडीने वाजवत होते.